मिरचीची ‘मरिची’ का होते? स्क्रिप्टमध्ये फॉन्ट ठरवताना

(पिंपळगाव रेणुकाईत कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी लिहून काढलंय. समोर पडद्यावर कोड होता. इथे तो शब्दांत सांगितलाय, टाइप करताना स्पेलिंग अर्थातच इंग्रजीत करायचं.)



विषय ऐकून काही जण म्हणतील, यात बोलायचं काय? स्क्रिप्टमध्ये मजकुराला फॉन्ट कसा लावायचा. एक ओळ असते, लिहिली की झालं. इंग्रजी मजकूर असेल तर खरंच एका ओळीत होतं. पण आपण बसलोय पिंपळगाव रेणुकाईत, आणि आपल्याला लिहायचंय ‘मिरची’. इथून गंमत सुरू होते.

जे बाहेरून ऐकतायत त्यांना दोन वाक्यांत गाव सांगतो. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, रेणुकादेवीचं गाव, आणि हिरव्या मिरचीची नावाजलेली बाजारपेठ. हंगामात इथे भाव रोज बदलतो. आज संध्याकाळचा भाव बघून शेतकरी ठरवतो, की उद्या तोडणीला बाया सांगायच्या का एक दिवस थांबायचं. मिरची झाडावर फार दिवस थांबत नाही आणि तोडणीची मजुरी तर द्यावीच लागते. म्हणजे फोनवर येणारा भावाचा फोटो ही काही शोभेची वस्तू नाही. त्यावर घरातला हिशोब चालतो.

आता असा भावाचा फोटो रोज हाताने बनवायचा म्हणजे कटकट. मागचा फोटो उघडा, आकडे खोडा, नवे लिहा, सेव्ह करा. कोणीही जरा पायथॉन शिकलेला पोरगा म्हणेल, द्या इकडे, मी स्क्रिप्ट लिहितो. आकडे एका फाइलमध्ये टाकायचे, स्क्रिप्ट चालवायची, फोटो तयार. आणि तो करतोही. मग पहिला फोटो बाहेर येतो आणि त्यावर छापलेलं असतं ‘मरिची’. खाली ‘शमिला मरिची’. क्विंटलच्या जागी क चा पाय मोडलेला, व वेगळा, आणि वेलांटी जाऊन बसलीये ट वर.

पुढे काय होतं? पोरगा वैतागतो आणि सगळं इंग्रजी अक्षरांत लिहून टाकतो. एम आय आर सी एच आय. फोटो सुबक येतो. ग्रुपवर सगळे अंगठे दाखवतात. आणि ज्या काकांना इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, ते शेजारच्या पोराला हाक मारतात, “बघ रे, काय भाव लागलाय?”

मला आज एवढंच सांगायचंय, की त्या काकांना हाक मारायला लागू नये. मशीनला मराठी नीट येतं. आपण ते तिला सांगत नाही. आणि सांगायच्या गोष्टी मोजून चार आहेत.

आधी मजकूर तपासा, फॉन्ट नंतर

पहिली गोष्ट फॉन्टची नाहीच. मजकुराची आहे.

मला सांगा, ‘मिरची’त अक्षरं किती? तीन. मि, र, ची. आता पायथॉनला विचारा. लेन, कंसात मिरची. उत्तर येतं पाच. म, पहिली वेलांटी, र, च, दुसरी वेलांटी. कॉम्प्युटरच्या पोटात हा शब्द पाच खुणांची माळ म्हणून असतो. ‘क्विंटल’ बघा. आपल्या कानाला तीन, पोटात सात. क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल.

आता नीट लक्ष द्या. ‘मि’ उच्चारताना आधी म येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी म च्या डावीकडे, म्हणजे आधी. पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा कंपोझिटर वेलांटीचा खिळा हातानेच अक्षराच्या आधी बसवायचा. युनिकोडने ठरवलं, की साठवताना उच्चाराचा क्रम ठेवायचा. आधी म, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी उचलून अलीकडे ठेवायचं काम दुसरं कोणीतरी करेल. ते ‘दुसरं कोणीतरी’ कोण, ते पुढे येतंच.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. तरीही कित्येक वर्षं आपल्याकडे डीटीपीवाल्यांचं सगळं काम चाललं ते कृतीदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर. तिथे युक्ती वेगळी होती. कृतीदेवमध्ये ‘मिरची’ लिहिली की फाइलमध्ये काय साठतं माहितीये? एफ, ई, जे, पी, एच. पाच इंग्रजी अक्षरं. एफच्या जागी वेलांटीचं चित्र, ई च्या जागी म चं चित्र, असं चाललेलं. म्हणजे तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले. कपडे काढले, म्हणजे फॉन्ट बदलला, की खाली उरतं एफ, ई, जे, पी, एच.

म्हणून कोणी तुम्हाला जुनी फाइल दिली, समजा एखाद्या मंडळाचा जुना अहवाल, एखाद्या आडतीवरच्या जुन्या याद्या, आणि तुम्ही स्क्रिप्टने त्यातल्या प्रत्येक ओळीला नवा सुंदर फॉन्ट लावलात, तर सगळा कचरा दिसेल. फॉन्ट त्यात काही करू शकत नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ओळखायचं कसं? पायथॉनमध्ये युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आहे. त्याला पहिल्या खुणेचं नाव विचारा. उत्तरात ‘देवनागरी लेटर’ आलं तर मजकूर खरा. ‘लॅटिन स्मॉल लेटर’ आलं तर ते कपडेवालं प्रकरण. मजकूर खरा निघाला की मगच फॉन्टकडे वळायचं.

नाव नको, फाइल सांगा

दुसरी गोष्ट. फॉन्ट म्हणजे नेमकं काय सांगायचं?

पायथॉनमध्ये फोटोवर लिहायला बहुतेक जण पिलो वापरतात. त्यात तीन वस्तू असतात. एक चित्र, एक त्यावर लिहिणारा ‘ड्रॉ’, आणि एक फॉन्ट. हा फॉन्ट वेगळा बनवावा लागतो. इमेजफॉन्ट डॉट ट्रूटाइप, कंसात फॉन्टच्या फाइलचा पत्ता, स्वल्पविराम, आकार. मग ड्रॉ डॉट टेक्स्ट, त्यात जागा, मजकूर, आणि ‘फॉन्ट बरोबर’ म्हणून वर बनवलेला फॉन्ट.

ती शेवटची ‘फॉन्ट बरोबर’ विसरलात तर पिलो आपल्या पदरचा फॉन्ट घेतं. त्या फॉन्टात देवनागरी नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये तर तिथेच चूक दाखवून स्क्रिप्ट थांबायची. नव्यांमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. या चौकोनांना जगभर गमतीने टोफू म्हणतात, सोयाबीनच्या पनीरसारखे दिसतात म्हणून. गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव त्यावरूनच आलंय. नो टोफू. म्हणजे चौकोन दिसायला नकोत.

तर फाइल स्वतः द्या, आणि ती स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर मंगल असेल. विंडोजबरोबर येणारा हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. एका पिढीने पडद्यावरचं मराठी त्यातूनच वाचलंय. पण तुमची स्क्रिप्ट उद्या मित्राच्या लिनक्सवर किंवा फोनवर चालली, तर तिथे मंगल असेलच असं नाही. त्यापेक्षा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट घ्या. नोटो सान्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, बालू आहे. हे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि परवाना असा आहे की तुमच्या प्रोजेक्टबरोबर फाइल पुढे द्यायलाही आडकाठी नाही.

अजून एक. पिलोमध्ये ठळक अक्षरांसाठी ‘बोल्ड’ असं बटण नाही. मुक्ता रेग्युलर ही एक फाइल, मुक्ता बोल्ड ही दुसरी. भाव ठळक आणि बाकीचं साधं हवं असेल तर दोन फॉन्ट बनवून ठेवायचे आणि जिथे जो हवा तिथे तो द्यायचा.

आणि पिलो एका वेळी एकच फॉन्ट वापरतं. त्या फॉन्टात एखादी खूण नसेल तर ते दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणत नाही. रुपयाचं चिन्ह घ्या. भारत सरकारने ते २०१० साली स्वीकारलं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्येही आलं. त्याआधी बनलेल्या फॉन्टात ते असणार कसं? मग भावाच्या आधी चौकोन. तुम्ही हौसेने मिरचीचं इमोजी टाकलंत, तर तिथेही चौकोन. भावाच्या फोटोवर आकड्याला चिकटून चौकोन आला की बघणारा गोंधळतो, की हा शून्य आहे का काय. त्यापेक्षा सरळ ‘रु.’ लिहा.

अक्षरं जुळवणारा कोण?

तिसरी गोष्ट. आणि ‘मरिची’चं उत्तर इथे आहे.

समजा तुमचा मजकूर खरा आहे, फॉन्टची फाइल बरोबर आहे, चौकोन एकही नाही. तरी ‘मरिची’ येते. का? कारण फॉन्टच्या फाइलमध्ये आकार असतात आणि ते कसे जुळवायचे याचे नियम असतात. पण नियम वाचून तसं वागणारा कोणीतरी लागतो. तो नसेल तर पाच खुणा आल्या तशा डावीकडून उजवीकडे मांडल्या जातात. म, मग वेलांटी, मग र. वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर पडते, म्हणून ती र ला चिकटलेली दिसते. म रि ची. ‘शिमला’ची ‘शमिला’ होते. आपल्या गावाचं नाव ‘पपिंळगाव’सारखं काहीतरी होतं. जोडाक्षर जोडलं जात नाही, हलन्त लोंबकळत राहतो.

इंग्रजीत ही पायरी वगळली तरी सहसा चालून जातं. पी, मग यू, मग एन, मांडा एकापुढे एक. म्हणून स्क्रिप्टिंगच्या बहुतेक धड्यांत या पायरीचा उल्लेखसुद्धा नसतो. धडा लिहिणाऱ्याला ती कधी लागलेलीच नसते. आणि धडा बघून शिकणाऱ्या आपल्या पोराला वाटतं, आपली लिपीच अवघड.

जुळवणीचं हे काम करणारी जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी लायब्ररी म्हणजे हार्फबझ. तुमच्या अँड्रॉइड फोनवर मराठी नीट दिसतं ते तिच्याच जोरावर. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे खुलं. ओपनटाइप या शब्दाचं केलेलं भाषांतर. पिलो या हार्फबझपर्यंत पोचतं ते रक्म नावाच्या दुसऱ्या लायब्ररीतून. हा शब्द अरबी. लिहिणं, आकडा, असे त्याचे अर्थ. आडतीच्या पट्टीवर शेवटी जी ‘रक्कम’ लिहिलेली असते ना, तिचंही मूळ तेच. म्हणजे मिरचीच्या भावाला हा शब्द काही परका नाही.

तर पिलोमध्ये आधी विचारून घ्या, रक्म आहे का? फीचर्स डॉट चेक, कंसात अवतरणात रक्म. उत्तर ‘ट्रू’ आलं तर निर्धास्त व्हा. ‘फॉल्स’ आलं तर बहुतेक वेळा फ्रिबिडी नावाची अजून एक छोटी लायब्ररी कमी असते. उबुंटूवर ती एका कमांडने बसते. विंडोजवर तिची डीएलएल फाइल वेगळी आणावी लागते, आणि आपल्याकडे बहुतेकांचे लॅपटॉप विंडोजचेच, त्यामुळे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच.

मग फॉन्ट बनवताना सांगा, लेआउट इंजिन बरोबर रक्म. पण यात एक गोम आहे. रक्म नसेल आणि तुम्ही मागितलं, तर पिलो साध्या मांडणीवर येतं आणि काम पुढे नेतं. स्क्रिप्ट पूर्ण चालते, फोटो बनतो, आणि त्यात ‘मरिची’ असते. रोज संध्याकाळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट असेल तर फोटो ग्रुपवर पोचल्यावरच कळणार.

याला एक उपाय आहे, आणि तो चौथ्या गोष्टीतच दडलाय.

भाषा सांगितली का?

चौथी गोष्ट, भाषा. ड्रॉ डॉट टेक्स्टमध्ये फॉन्टबरोबर अजून एक गोष्ट देता येते. लँग्वेज बरोबर, अवतरणात एम आर. मराठीचा संकेत.

तुम्ही म्हणाल, लिपी तर देवनागरीच. मराठी काय नि हिंदी काय. तर आपल्या पहिलीच्या पुस्तकातला ल आठवा. दोन पाकळ्यांचा. हिंदी पुस्तकातला ल शेवटी उभ्या दांड्याला टेकलेला असतो. श चंही तसंच, आपला देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हेच सांगितलेत. आणि ‘शिमला’ या शब्दात दोन्ही आहेत! पहिलं अक्षर श, शेवटचं ल.

बऱ्याच फॉन्टांत दोन्ही आकार भरलेले असतात. हिंदीचा आकार पुढे, मराठीचा आत. फॉन्टला कळलं की मजकूर मराठी आहे, तर तो आतला आकार काढतो. कळलंच नाही तर पुढचा देतो. म्हणजे आकार फाइलमध्ये आहे, नियम आहे, जुळवणाराही आहे, फक्त भाषा सांगायची राहिली. काही फॉन्ट तर मराठीसाठी वेगळेच मिळतात. टिरो देवनागरी मराठी हा असा एक आहे. त्याचे हिंदी आणि संस्कृत भाऊ वेगळे. मात्र फॉन्टमध्ये मराठी आकार भरलेलेच नसतील तर एम आर सांगून ते उगवणार नाहीत. आधी फॉन्ट बघून घ्या.

कोणी म्हणेल, एवढं काय, ल वाचता तर येतोच. येतो, कबूल. पण दहा वर्षांच्या पोराला शाळेत एक ल शिकवायचा आणि गावातल्या प्रत्येक फलकावर, फोटोवर, मेसेजवर दुसरा दाखवायचा, तर तो शाळेतला ल किती दिवस टिकेल?

आता तो राहिलेला उपाय. पिलोमध्ये भाषा सांगितली आणि रक्म नसेल, तर पिलो गप्प बसत नाही. सरळ चूक दाखवतं, की रक्मशिवाय भाषा सांगता येत नाही, आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. आपल्याला हेच हवंय. फोटो आलाच नाही तर लोक फोन करून विचारतील. फोटो चुकीचा गेला तर कोणी विचारणार नाही, तसाच पुढे पाठवला जाईल. म्हणून लँग्वेज एम आर ही दोन अक्षरं राखणदारासारखी ठेवा. ल नीट येईल आणि ‘मरिची’ दारातच अडेल.

मजकूर ही वस्तू असते तेव्हा

काही साधनांत मजकूर काढून झाला तरी वस्तू म्हणून हातात राहतो. मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख काढलात, वर शीर्षक दिलंत, की ती टेक्स्ट नावाची वस्तू परत मिळते. तिला नंतर सांगता येतं, सेट फॉन्टफॅमिली अमुक, सेट फॉन्टसाइज तमुक. प्रत्येक वस्तूला वेगळं सांगत बसण्यापेक्षा आरसीपॅरॅम्समध्ये एकदाच फॉन्ट ठरवता येतो, मग शीर्षक, अक्षांची नावं, सगळे तोच घेतात. आवृत्ती ३.६ पासून तर फॉन्टांची यादी देता येते. एकात खूण नसली की पुढच्यात शोधतो. चौकोनांचा प्रश्न त्याने सुटतो. पण वर्षानुवर्षं मॅटप्लॉटलिबने अक्षरं जुळवण्याचं काम केलेलंच नाही, त्यामुळे फॉन्ट बरोबर असूनही आलेखावर ‘मरिची’ दिसायची. मराठी शीर्षक हवं असेल तर आलेख काढून घ्या आणि शीर्षक पिलोने वर लिहा. खटपट वाढते, पण काम होतं.

फोनवर करायचं असेल तर सगळ्यात सोपा रस्ता ब्राउझरचा. जावास्क्रिप्टमध्ये कॅनव्हास असतो. तिथे कॉन्टेक्स्ट डॉट फॉन्ट बरोबर, अवतरणात ‘बोल्ड ४८ पीएक्स मुक्ता’. बस. जुळवणी ब्राउझर स्वतः करतो. ‘मिरची’ पहिल्या फटक्यात मिरचीच येते. लॅपटॉप नसलेल्या पोरापोरींनी मी म्हणेन इथूनच सुरुवात करावी.

पण कॅनव्हासचा स्वभाव पिलोच्या उलटा. पिलोला फॉन्टची फाइल सापडली नाही तर ते ओरडतं. कॅनव्हास ओरडत नाही. फॉन्टच्या ओळीत लिहायची काही गडबड झाली, समजा पीएक्स राहिलं, तर तो ती ओळ ऐकल्यासारखीच करत नाही. आधीचा फॉन्ट चालू ठेवतो. आधी काहीच ठरवलेलं नसेल तर १० पीएक्सची बारीक अक्षरं. आणि मुक्ता नेटवरून यायचा असेल, तो यायच्या आधीच तुम्ही लिहून मोकळे झालात, तर फोनमधला दुसराच फॉन्ट वापरला जातो. म्हणून आधी डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट लोड म्हणून फॉन्ट मागवा, तो येईपर्यंत थांबा, मग लिहा. बोल्डची फाइल मागवली नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून ठळक करतो, आणि मग आपल्या भ, ध, क्ष यांची पोटं भरून जातात.

एक आणि नऊ

आकाराचं बोलायचं राहिलं. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. मग कोणीतरी तो पुढे पाठवतो, कोणी स्क्रीनशॉट काढून पाठवतो. तुमच्या स्क्रीनवर लखलखीत दिसणारं अक्षर तीन हात फिरून पोचतं तेव्हा धुरकट झालेलं असतं. आणि देवनागरीत १ आणि ९ हे सख्खे भाऊ आहेत. बारीक फॉन्ट, लहान आकार, काच तडकलेला फोन, आणि चष्मा घरी राहिलेला. किलोला १९ का ११? क्विंटलवर नेलं की ८०० रुपयांचा फरक पडतो.

तेव्हा भावाच्या आकड्याला सगळ्यात मोठा आकार. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोटोत आकडा शंभराच्या आसपास ठेवा, नाव साठ-सत्तर. फॉन्ट निवडताना सुंदर दिसतो का हे बघण्याआधी त्यात १ आणि ९ शेजारी लिहा, फोटो लहान करा, हात लांब धरून बघा. ओळखू आले तर फॉन्ट पास. ओळींमध्ये जागाही इंग्रजीपेक्षा जास्त सोडा. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीतल्या ‘रेणुकाई’चा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकायला नको. मजकूर बॉक्समध्ये मावतो का ते अंदाजाने न ठरवता ड्रॉ डॉट टेक्स्टबीबॉक्सला विचारा, ते लांबीरुंदी मोजून देतं.

एक ओळ लिहून ठेवा

शेवटी एक काम देतो. कुठलीही नवी स्क्रिप्ट, नवा फॉन्ट, नवं साधन हातात आलं की ही ओळ लिहून बघायची:

पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्यांसाठी शिमला मिरची, प्रति क्विंटल ₹ १९००.

वेलांट्या जागेवर आहेत का, ‘मिरची’त आणि ‘पिंपळगाव’त बघा. ‘क्विं’ एकसंध आहे का. ‘प्र’ जुळलाय का. श ला देठ, ल ला पाकळ्या आहेत का. रुपयाच्या जागी चौकोन तर नाही. एक आणि नऊ वेगळे दिसतात का. आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला तो कोयरीसारखा ऱ बघा. तो रफार होऊन वर गेला तर शब्द बदलतो. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, यात फरक किती! एका निरोपावर गुरुजी येतील, दुसऱ्यावर स्वयंपाकी. हा ऱ फॉन्टच्या हातात नाही, टाइप करताना खालच्या टिंबाचा ऱ घेतला की येतो. म्हणून पहिली गोष्ट पहिली सांगितली. आधी मजकूर.

ही ओळ नीट उमटली, की समजायचं तुमची स्क्रिप्ट मराठी शिकली. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर फक्त भावच कशाला, ग्रामपंचायतीची सूचना असो, शाळेचं प्रमाणपत्र असो, यात्रेचं वेळापत्रक असो, सगळं त्याच चार गोष्टींवर चालतं. खरा मजकूर, फॉन्टची फाइल, जुळवणारा, आणि भाषा.

आपल्या भाषेत काम करताना अक्षर फुटलं, की पहिला विचार मनात येतो, जाऊ द्या, इंग्रजीत करू. तो विचार आला की एक करा. चारपैकी कुठली गोष्ट सांगायची राहिली ते शोधा. कारण तुम्ही इंग्रजीत केलंत तर तुमचं काही अडत नाही, तुम्हाला दोन्ही वाचता येतं. अडतं ते त्यांचं, ज्यांच्यासाठी तो फोटो बनवलाय.

ती ओळ तुमच्या फोनवर कशी उमटली त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. फुटली असेल तर अगदी जरूर पाठवा, कुठे काय राहिलंय ते मिळून बघू. पुढच्या भागात जुन्या कृतीदेव फाइलींचं युनिकोड कसं करायचं त्यावर बोलू. तोपर्यंत रामराम.